राजाच्या छातीवरचा हत्ती

१२ ऑगस्ट ९९, गुरुवार
दुकान उघडून उदबत्ती लावतोय तोच पहिलं गिऱ्हाईक, गोजराआक्का. पळसदेवहून पहिल्या एस.टी.नं आल्या. भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं असेल म्हणून मी हात पुढे केला, तर त्यांनी कमरेचा कसा, म्हणजे पैशांची लांबट पिशवी, सोडला आणि माझ्या टेबलावर उपडा केला. अकरा रुपये. राजाछाप, चांदीचे. दहा इतके लखलखीत की वरची ट्यूब त्यांत दिसत होती. अकरावा काळाकुट्ट, तव्याच्या बुडासारखा.

सासऱ्यांनी मेंढरं विकून जमवलेले. धरण झालं तेव्हा आख्खं गाव उठलं, आमचंही घर त्याच पाण्यात गेलं. त्या धांदलीत आक्कांची निम्मी भांडी मागं राहिली, पण कसा नाही राहिला, असं अब्बा सांगायचे. ऐकून होतो, आज पाहिला.

मुद्दा असा. आक्कांचा मुलगा दत्तू. त्याच्या मुलीचं, सुरेखाचं, लग्न ठरलंय. तो म्हणतो, हे आटवून पोरीला पैंजण करू. आक्का म्हणाल्या, "तेला म्हनलं, ही तुज्या आज्याची मेंढरं हायती. तर म्हनतो, मेंढरं कापायलाच असत्यात."
सांगताना हसू आलं त्यांना, पण डोळे हसत नव्हते.
"पैंजण इकत घे म्हनावं, पैकं आलं तर. पर ह्ये मुशीत घालू नगं. कुनाच्याबी घरात जाऊ दे, रुपाया म्हनून ऱ्हाऊ दे."

बारामतीत ज्या कॉम्प्युटर क्लासची घड्याळं मी बघतो, तिथल्या कविता मॅडमनी मागं एकदा दाखवलं होतं: इंटरनेटवर जुन्या नाण्यांचे लिलाव चालतात, जगभरचे लोक बोली लावतात. ते आठवलं. बोलून बसलो की मी विकून देतो. माझी बायको रझिया म्हणते तसं, माझी जीभ माझ्या आधी दुकान उघडते.

दहा ठेवून घेतले. काळा परत दिला. म्हटलं, हा असा कोण घेणार, घासून आणा. "दसऱ्याला समदी भांडी काढते, तवा घासते," म्हणाल्या.

दत्तूनं मुदत दिलीय तुळशीच्या लग्नापर्यंत. पुढं सोनार.

१५ ऑगस्ट, रविवार
झेंडावंदन करून आलो. दुकान बंद. दहाही मांडून बसलो. काय झळाळी. ऐंशी वर्षांचे झाले आणि काल टांकसाळीतून आल्यासारखे. माझ्या दुकानातलं नवं सेलचं घड्याळ वर्षात पिवळं पडतं.
रझियानं एक उचलून गालाला लावला. "थंडगार आहे," म्हणाली. बराच वेळ खाली ठेवेना.

१९ ऑगस्ट, गुरुवार
बारामती. क्लासच्या पोरांची बॅच संपेपर्यंत जिन्यात बसलो. मग कविता मॅडमनी स्कॅनर नावाच्या पेटीत रुपया पालथा घातला, झाकण लावलं, आतून हिरवट उजेड सरकत गेला आणि राजा पडद्यावर आला. परातीएवढा! दाढी, मुकुट, सगळं. मी खुर्चीवरून उठून उभाच राहिलो. मॅडम म्हणाल्या, "बसा हो, तो काही येत नाही बाहेर."

फोनची लाइन तीनदा तुटली. लागते तेव्हा मोडेम नावाच्या डबीतून असा आवाज येतो की कुणाचं तरी पोट बिघडलंय.

मग वर्णन. मॅडम म्हणाल्या, नाण्याची अवस्था काय आहे ते लिहावं लागतं. बाकीचे विकणारे काय लिहितात ते वाचलं. सगळ्यांत वरचा शब्द अनसर्क्युलेटेड. म्हणजे व्यवहारात कधी न फिरलेलं. मी म्हटलं, मग आपलं तेच. हे कुठं फिरलंय बाजारात? सासऱ्यांच्या कमरेला होतं, मग आक्कांच्या. वर्षातून एकदा लक्ष्मीपूजनाला पाटावर, की परत कमरेला.
मॅडमनाही पटलं. टाइप केलं. एकच ठेवलाय, १९१८ चा. चाचणी म्हणून.
येताना एस.टी.त उभं राहून आलो आणि पाय दुखले नाहीत.

२६ ऑगस्ट, गुरुवार
बोली लागली. चार जणांची. सगळ्यांत वर न्यूझीलंडचा एक माणूस, नाव गॉर्डन. क्लासच्या भिंतीवर जगाचा नकाशा आहे, त्यात पाहिलं. अगदी तळाशी, कोपऱ्यात, आणखी थोडं खाली असता तर नकाशातून पडलाच असता. तिथं बसून एक माणूस पळसदेवचा रुपया बघतोय. मला दुपारभर दुसरं काही सुचलं नाही. एका गिऱ्हाइकाचा पट्टा दुसऱ्याच्या घड्याळाला लावून ठेवला.
रझिया: "त्यांच्याकडे रुपये नाहीत का?"
नसतीलच की.

३ सप्टें., शुक्रवार
शेजारच्या एस.टी.डी. बूथवर मॅडमचा फोन. लिलाव काल संपला, गॉर्डननंच घेतला. चांदीच्या भावाच्या कितीतरी वर. पैंजणांचा प्रश्न दोन-तीन नाण्यांत मिटेल, बाकीचे वाचतील. आक्कांना निरोप धाडला दूधवाल्याबरोबर. उलट निरोप आला: "त्येचं घर पक्कं हाय का इचार."

२० सप्टें., सोमवार
गॉर्डनचा ड्राफ्ट आला. पाकिटावर पक्ष्याचं तिकीट, पंख नसलेला पक्षी. लगेच रुपया कापसात, कापूस डबीत, डबी कापडात शिवून रजिस्टर. पोस्टातले साहेब पत्ता वाचून माझ्याकडे, मग परत पत्त्याकडे. "शब्बीरभाई, तिकडं पण घड्याळ रिपेर करता का?"
शिवलेल्या कापडावर लाख दोनदा लावली. आक्कांनी एवढी वर्षं कमरेवरून काढला नाही आणि मी समुद्रापार धाडतोय.

१४ ऑक्टो., गुरुवार
बारामतीच्या स्टँडवर बसून लिहितोय. इंदापूर गाडी अजून लागलेली नाही.

बाकीचे नऊ स्कॅन करायला घेऊन गेलो होतो. मॅडमनी दारातच सांगितलं, गॉर्डनची ई-मेल आलीय. चेहऱ्यावरूनच कळलं. त्यांनी वाचून मराठीत सांगितली, मी दोनदा सांगायला लावली. जमेल तेवढं उतरवून घेतो.

लिहितो की, नाणं पोचलं, शिवलेलं कापड जपून ठेवलंय. पण हे अनसर्क्युलेटेड नाही. जवळपासही नाही. चमकतं ते टांकसाळीचं तेज नव्हे, घासल्याची चमक आहे. टांकसाळीतून आलेल्या नाण्यावर उजेड फिरतो. याच्यावर तो नुसता बसतो. भिंगाखाली सगळ्या अंगावर बारीक ओरखडे आहेत, गोल गोल, एकात एक. एकदा घासल्याचे नव्हेत, फार वर्षांचे. घासणाऱ्यानं अंगठा वापरलाय. कपाळ आणि गाल सर्वांत जास्त झिजलेत, म्हणजे अंगठा तिथं टेकायचा. एकच हात असावा, कारण वळणं सगळी एका दिशेची आहेत. आणि अक्षरांच्या खाचेत लाल पूड आहे, ती काही केल्या निघत नाही. ती काय आहे?

मी पाणी मागितलं. 

कुंकू. ती कुंकू आहे. पृथ्वीच्या पार टोकाला बसून या माणसानं आक्कांचा हात पाहिला. पाट पाहिला. कधी इकडे आला नाही, दिवाळी त्याला माहीत नाही, आणि अंगठा कुठं टेकायचा ते सांगतो. मी तीस वर्षं डोळ्याला काच लावून दुसऱ्यांच्या घड्याळांतली धूळ शोधतोय, आणि ही दहा नाणी मी नुसत्या डोळ्यांनी पाहिली. काच खिशात होती! लाज म्हणू की काय म्हणू, पण त्या लाजेच्याही वर काहीतरी होतं. अंगावर काटा आला तो लाजेचा नव्हता.

पुढं लिहितो, राजाच्या छातीवर साखळी असते, तिच्यात एक इवलासा हत्ती असतो. जाणकार आधी हत्ती बघतात. तुमच्या नाण्यावर हत्ती नाही.

खिशातली काच काढली आणि तिथंच नऊ रुपये तपासले. नऊ राजे. नऊ छात्या, सपाट. एकावर जरासा उंचवटा, हत्ती म्हटलं तर हत्ती, नाहीतर काही नाही.

घेणाऱ्याला विकणाऱ्याच्या नावापुढं शेरा देता येतो, तो सगळ्या जगाला दिसतो. शेवटची ओळ: मी तुमच्या नावापुढे अजून चांगलं-वाईट काहीच नोंदवलेलं नाही. आधी एवढं सांगा, तुम्हाला हे माहीत होतं की नव्हतं?

उत्तर उद्या-परवा. आत्ता दुसरंच डोक्यात बसलंय. तो काळा. तो कधी घासलेलाच नाही. आणि मीच सांगितलंय घासायला. मंगळवारी दसरा. भांडी काढायला सुरुवात झाली असणार.
गाडी लागली.

१५ ऑक्टो., शुक्रवार
काल घरी न जाता तसाच पळसदेवला गेलो. पाच वाजले असतील. आक्का अंगणात, भोवती भांड्यांचा बाजार. पितळेला चिंच, चांदीला रिठं आणि चुलीची राख, दोन वेगळ्या ताटल्या. मी फाटकातूनच ओरडलो, "आक्का, थांबा, हात थांबवा." त्यांना वाटलं कोण गेलं.

काळा रुपया त्यांच्या मुठीत होता. ओला. मूठ उघडली तर पांढराशुभ्र.
मी तिथंच खाली बसलो, राखेत.
"आरं, काय झालं तुला? एकच बाजू झालीया आजून. तेवढ्यात शेळीनं खुट्टी उपटली, तिच्यामागं गेले. आत्ताच येऊन बसले बग."
उलटा केला. काळा. राजाची बाजू काळीच होती. शेळीला काय म्हणावं, कळेना. नंतर तिला भाकरी दिली.

रुपया धोतराच्या फडक्यानं टिपला, पुसला नाही. काच लावली. उजनीच्या पाण्यावरून ऊन तिरपं येत होतं, ते त्याच्यावर घेतलं.
आणि आहे. हत्ती आहे. सोंड, कान, चार पाय. पाठीवर झूल. तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत. काळ्यात जरा निळसर, जरा तांबूस रंग फिरत होता, वळवला की हत्ती चालल्यासारखा. गॉर्डन म्हणतो तसा उजेड फिरत होता. मी आयुष्यात इतकी बारीक चाकं पाहिली, पण असं काही पाहिलं नाही. कुणी कोरला असेल? कुणासाठी? कमरेला बांधून फिरणाऱ्या धनगराला तो दिसणार होता का? तरी त्यानं झूल कोरली.

मग आक्कांच्या डोळ्याला काच लावली. त्यांना धरता येईना, मी धरली. रुपया जरा वळवायला लावला, परत वळवायला लावला. मग, "शब्बीर, ह्येला शेपूट हाय."
शेपूट मला दिसलं नव्हतं.

मला वाटलं, इथंच थांबावं. पण त्या काही भोळ्या नाहीत. म्हणाल्या, आता ते बाकीचं दाव. एकेक दाखवला. पाचव्यानंतर काच बाजूला केली.
"हितं न्हाय."
"न्हाय."
"व्हता."
"व्हता, आक्का."
"म्हंजी म्याच खाल्ला व्हय रं समदा."
आपल्या उजव्या अंगठ्याकडे बघत बसल्या.  खरं तर घासायचं त्यांच्या सासूबाईंनी शिकवलेलं. लक्ष्मीपुढं मळकं ठेवायचं नाही. सासूनं पंचवीस वर्षं घासले, यांनी चाळीस. जीव ओतून. देवीला हत्ती आवडतो म्हणतात, आणि तिच्यासाठीच दरसाल थोडा थोडा पुसला.
मी म्हटलं, "तुमचा काय दोस न्हाय. घासून आना म्या सांगितलं, नवं हायती म्हनून म्या लिवलं. डोळ्याला काच लावायचा धंदा माजा."
"व्हय, तुजाबी हाय," म्हणाल्या. सोडलं नाही मला. बरं वाटलं.

काळा कशात कसा राहिला, तेही कळलं. कशाच्या तळाची शिवण दुहेरी, तो तिच्यात अडकला होता. औंदा उंदरानं कसा कुरतडला तेव्हा खाली पडला. घासणाऱ्या हातांना तो कधी सापडलाच नाही.

१७ ऑक्टो., रविवार
गॉर्डनला उत्तर. चार कागद फाडले. शेवटी इतकंच:
माहीत नव्हतं. पण माहीत करून घ्यायची काच माझ्या खिशात होती, म्हणून चूक माझीच. लाल पूड कुंकू आहे. वर्षातून एका दिवशी नाणं धुऊन, घासून देवीपुढं ठेवतात. जो हात तुम्ही ओळखला तो एका बाईचा आहे, वय सत्तरच्या पुढं, उजवा. ड्राफ्ट वटवलेला नाही, तसाच परत धाडतो.
उद्या पोस्टानं मॅडमकडे, त्या इंग्रजी करून पाठवतील. नावापुढं जे लिहायचं ते लिहा, असंही घातलंय.
 इथं इंदापुरात माझ्या कामाला कुणी बोट लावलेलं नाही, आणि तिथं जगापुढं पहिल्याच सौद्याला काळा शिक्का बसणार. पण काय करणार. घड्याळातलं मोडकं बॅलन्सचं चाक मी कधी चांगलं म्हणून बसवलेलं नाही, गिऱ्हाइकाला कळणार नसलं तरी.

२८ ऑक्टो., गुरुवार
बारामती. गॉर्डनचं उत्तर. नाणं परत धाडलंय. रागावलेला वाटत नाही. अवस्था कशी ठरवायची ते सविस्तर लिहिलंय, वर्गातल्या मुलाला सांगावं तसं. आधी उंचावरची जागा बघायची: भुवई, कान, मुकुटावरचे मणी, हत्ती. झीज तिथं पहिली लागते. मग सपाट जागेवर ओरखडे. चमक सर्वांत शेवटी, कारण चमक सगळ्यांत जास्त फसवते. आणि शंका असली की एक पायरी खाली उतरायचं.
मॅडम म्हणाल्या, हे माणसांनापण लावता येईल.
सांगतो की असल्या लिलावात नवे विकणारे सगळे हेच करतात. चकाकतं ते नवं. त्याच्याकडे असली नाणी डबाभर आहेत, देशोदेशीची. कुणी वाळूनं घासलेलं, कुणी लिंबानं. डबाभर! म्हणजे सगळ्या जगातल्या बायका घासत बसल्यात.
माझ्या नावापुढची जागा अजून कोरी.

७ नोव्हें., रविवार
लक्ष्मीपूजन. आक्कांकडे फराळाला, रझियापण. पाटावर अकराऐवजी दहाच रुपये (एक परतीच्या वाटेवर). नऊ पांढरे आणि एक अर्धा. सून कुरकुरत होती, असला काळा देवीपुढं कसा ठेवायचा, लोक काय म्हणतील. आक्का म्हणाल्या, "देवीला इचारलंय म्या."  पुढं म्हणाल्या, "ती म्हनली, हत्ती बरा हाय."
यंदा एकही घासला नाही. हळदकुंकू रुपयांना न लावता पाटाला लावलं. रझियानं मला कोपरानं ढोसलं, म्हणजे बघ.
दत्तू मात्र एका बाजूला बसून चकल्या खात होता. निघताना हळूच म्हणाला, "शब्बीरभाई, तुळशीचं लगीन वीस तारखेच्या आसपास हाय बरं का."

११ नोव्हें., गुरुवार
सकाळी गॉर्डनचं पार्सल. रुपया पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलाय, दोन्हीकडून पातळ पारदर्शक कागद, कोपऱ्यांना पिना. पुठ्ठ्यावर पेन्सिलनं बारीक अक्षर. मॅडमनी सांगितलं, पहिला शब्द 'बरा', दुसरा 'घासलेला'. खाली 'हत्ती नाही'. बास. यातला एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. मी सगळे मिळून चाळीसेक शब्द लिहिले होते आणि त्यांतला एकही खरा नव्हता.

आज काळा लिलावात ठेवला, आक्कांना विचारून. दहा दिवसांचा. वर्णन मी मराठीत सांगितलं, मॅडमनी घातलं: राजाची बाजू कधीही न घासलेली. हत्ती स्पष्ट, झूल व शेपूट दिसते. भुवईवर जराशी झीज. मागची बाजू ऑक्टोबरमध्ये एकदा राखेनं घासली, विकणाऱ्याच्या सांगण्यावरून. अवस्था ठरवण्याइतका विकणारा जाणकार नाही, फोटो बघून आपण ठरवावं.
मॅडम म्हणाल्या, असं लिहून कोण घेईल?
कोण जाणे. दहा दिवस म्हणजे एकवीस तारीख. दत्तूची मुदत वीस.

१४ नोव्हें., रविवार
दत्तू दुकानात आला. सोनाराशी बोलणं झालंय, लगीनसराईमुळं मुदतीआधीच भट्टी, उद्या. रुपाया म्हणजे तोळा, दहा रुपये म्हणजे दहा तोळे, पैंजण बसतात. बरोबर आक्का. त्या येतील असं मला वाटलं नव्हतं.

मी म्हटलं, दत्तू, एकवार हे बघ. काच दिली, काळा दिला. त्यानं उभ्या उभ्या डोळा लावला. बाहेर ट्रॅक्टर चालू ठेवून आला होता, घाईत. बघता बघता बसला. उठून गेला, ट्रॅक्टर बंद करून आला, परत डोळा लावला.
"आयला," एवढंच म्हणाला. मग पुन्हा, "आजा ह्ये घिऊन हिंडत व्हता."
"व्हय."
"तेला ठावं व्हतं का?"
 आक्काच म्हणाल्या, "तेला मेंढरं ठावं."
दत्तूनं काळा रुपया माझ्या टेबलावर ठेवला, कडेला धरून, मी धरतो तसा. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणाला, ह्यो मुशीत जानार न्हाय. इकला तर इकला, न्हाय इकला तर ऱ्हाऊ दे.

मग पांढऱ्यांचा विषय. मी तयारीत होतो: बरा, घासलेला, असं खरं लिहून विकू, थोडं थांब. तर आक्कांनी माझ्याच पुढ्यातून नऊ ओढून घेतले आणि दत्तूच्या ओंजळीत घातले. एक एक करून नाही, सगळे एकदम.
"ह्यांच्यात आता रुपाया ऱ्हायला न्हाय. चांदी ऱ्हायलीया. पोरीच्या पायात वाजू दे."
"आक्का, तुम्हीच म्हनला व्हता..."
"म्हनले व्हते. तवा दिसत न्हवतं मला."
 मी ऑगस्टपासून जे वाचवायला धडपडतोय ते त्यांनी असं ओंजळीत टाकलं, आणि चेहरा शांत. माझाच रडवेला. आटवायला हरकत घ्यायचा हक्क मला नव्हता, तरी घ्यावीशी वाटली.

गॉर्डनच्या चौकटीतला दहावा दत्तू पिना काढून घेणार होता. आक्कांनी हात धरला. "त्यो शब्बीरपाशी ऱ्हाऊ दे. तेची चूक हाय ती, तेच्या डोळ्यापुढं ऱ्हाऊ दे." दत्तू म्हणाला, एक तोळा कमी पडंल. "पडू दे. नाजूक कर म्हनावं."
टेबलाच्या काचेखाली ठेवलाय. गिऱ्हाइकं विचारतात. सांगतो.

१६ नोव्हें., मंगळवार
आटले. दत्तू सांगून गेला. म्हणाला, मुशीत आधी सगळे राजे पडून होते, मग कडा मऊ झाल्या, आणि मग एकदम पाणी. आरशासारखं. त्यानं तोंड पाहिलं म्हणे त्यात. चांगलं का वाईट, सांगता येईना त्याला.
दिवसभर काम केलं. संध्याकाळी रझियाला म्हटलं, नऊ गेले. ती म्हणाली, आधीच गेले होते, तुम्हाला ऑक्टोबरात कळलं.

१८ नोव्हें., गुरुवार
आज आक्कांना घेऊन बारामतीला. त्यांचाच हट्ट. "कुठं ठिवलाय ते बगू तरी दे." खिडकीला बसल्या, वाटभर ऊस बघत. जिना चढताना दोनदा थांबल्या.
मॅडमनी स्वतःची खुर्ची दिली. लाइन लागली, तो पोटदुखीचा आवाज आला, आक्का म्हणाल्या, "ह्येला ओवा द्या." मग राजा आला. काळा, निळसर. मॅडमनी छातीचा भाग मोठा केला आणि हत्ती आला, म्हशीएवढा. आक्का पडद्याला हात लावायला गेल्या, मध्येच मागं घेतला. पदरात झाकला.

तीन बोल्या आहेत. एकही गॉर्डनची नाही. एक जपानची, एक मला नाव नीट म्हणता न येणाऱ्या गावची, एक आपल्याच देशातली, कलकत्त्याची. आक्कांनी तिन्ही गावांची नावं दोनदा म्हणून घेतली. नवं स्थळ आलं की विचारतात तसं, माणसं कोन, घरात किती जन. आम्हाला कुठलं माहीत. गॉर्डन घेत का न्हाय, असंही विचारलं.  माझ्या नावापुढची जागा त्यानं अजून कोरीच ठेवलीय.

मी हळूच म्हटलं, आक्का, मनात न्हाय तर काढून घेऊ, मी मॅडमना विचारतो. मॅडमनी मान हलवली, बोली लागल्यावर काढता येत नाही. येत असतं तर मी काढला असता की नसता, खरंच सांगता येत नाही. शब्द एकदा मोडता मोडता वाचलाय.
आक्का म्हणाल्या, "काडू नगं. हितं ऱ्हायला तर माज्यामागं सून घासंल. तिचाबी हात हाय." मग जरा थांबून, "लिवलेल्यात आजून काय घालता येतं का?"
येतं, मॅडम म्हणाल्या. शेवटी एखादी ओळ घालता येते.
"मग घाला. कोन बी घिऊ दे. घासू नगं म्हनावं."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मीही हसू दाबलं. तिकडची माणसं, ज्यांनी आम्हाला शिकवलं, त्यांना हे सांगायचं. पण आक्का पडद्याकडे बघत वाट पाहत होत्या, मॅडम टाइप कधी करतात याची. केलं. एकेक अक्षर उमटताना पाहिलं त्यांनी. वाचता येत नाही, तरी शेवटपर्यंत.
"आलं का?"
"आलं."
"तिकडं दिसतंय का त्येंना?"
दिसतंय म्हटलं. लिलाव रविवारी दुपारी संपेल.